इंदूरमध्ये पहिला ट्रम्पेट घेताय? आधी नळी समजून घ्या, मग पैसे द्या

अनंत चतुर्दशीच्या झाँक्या असोत की गल्लीतून निघालेली वरात, इंदूरकराच्या कानावर ट्रम्पेट लहानपणापासून पडत असतो. पण स्वतः शिकायचे मनात आले की विचारावे कुणाला, हेच कळत नाही. पेटी-तबला शिकवणारे रामबागेत नाही तर राजेंद्र नगरात सहज सापडतात. पितळी वाद्याचे मात्र सगळे तोंडी चालते, आणि दुकानात गेल्यावर चकाकी, वजन आणि पेटीचा मखमली अस्तर एवढ्यावरच बोलणे होते.

मोठ्या वयात ट्रम्पेट हाती घेणाऱ्या, स्वरज्ञान थोडेफार असलेल्या पण यंत्राची काहीच माहिती नसलेल्या माणसासाठी हे लिहितो आहे. पहिल्या तीन पायऱ्या वाद्य चालते कसे आणि घडते कसे याबद्दल आहेत. त्या गाळू नका. दुकानात करायच्या तपासण्या त्यांतूनच निघतात, आणि कारण माहीत असले की तपासणी पाठ करावी लागत नाही.

## १. आवाज कुठून येतो ते समजून घ्या

ट्रम्पेटमध्ये नुसती हवा फुंकली तर फुसफूस ऐकू येते, दुसरे काही नाही. वाजतात ते तुमचे ओठ. मिटलेल्या ओठांमधून हवा दाबाने सोडली की ते थरथरतात. ही थरथर माउथपीसच्या, म्हणजे ओठांना टेकवायच्या सुट्या तोंडाच्या, वाटीतून नळीतल्या हवेपर्यंत पोचते, नळीतली हवा डोलू लागते आणि उलट ओठांनाच आपल्या लयीत बांधून घेते. सनईत हे काम पत्ती करते. बँडमधल्या सॅक्सोफोनचे अंग पितळेचे असते, पण त्यातही पत्तीच वाजते, म्हणून तो या कुळात धरत नाहीत.

आपल्याकडे सर्रास मिळतो तो बी फ्लॅट ट्रम्पेट. त्याची नळी सरळ केली तर साधारण १४८ सेंटिमीटर भरते. बी फ्लॅट म्हणजे पेटीवरची काळी पाच. एकही पिस्टन, म्हणजे बोटाने दाबायची कळ, न दाबता या नळीतून सगळे स्वर निघत नाहीत, मोजकेच निघतात. काळी पाचचा सा धरला तर खालून वर सा, प, तार सा, तार ग, तार प, मग जरा उतरलेला कोमल नी, आणि त्याच्यावर अतितार सा. यातला सर्वांत खालचा सा वाजतो तेव्हा ओठ सेकंदाला सुमारे २३३ वेळा उघडझाप करतात. तार सा हवा असेल तर ओठ आवळून तीच गती दुप्पट करावी लागते, बोटे जागची हलत नाहीत. तुतारी आणि बिगुल एवढ्याच स्वरांत फिरतात, कारण त्यांना पिस्टन नाहीत.

एका टोकाला बंद असलेल्या साध्या सरळ नळीत हे स्वर असे नीट ओळीने लागत नाहीत. तिथे एकाआड एक स्वर गळतात. ट्रम्पेटमध्ये ते जागेवर येतात ते दोन गोष्टींमुळे. पुढचा रुंदावत जाणारा भोंगा, ज्याला वाजवणारे बेल म्हणतात, खालच्या स्वरांना वर ढकलतो. माउथपीसची वाटी आणि तिच्या तळाशी असलेले चार मिलिमीटरहूनही बारीक भोक वरच्या स्वरांना खाली ओढते. म्हणून दोघांचा आकार जिथे बिघडला असेल, तिथे स्वरही बिघडतो.

आता यातला एक धोका. मोबाइलवरच्या ट्यूनरवर मोकळा तार ग थोडा उतरलेला दिसेल, हिशेबाने १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). एवढ्यावरून वाद्य बाद ठरवू नका. तंबोरा नीट लागला की त्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार आपण कौतुकाने ऐकतो, हा तोच गंधार आहे. ट्यूनर पेटीच्या समान पट्टीने मोजतो, म्हणून तो त्याला चुकीचा ठरवतो.

## २. तीन पिस्टनांचा हिशेब

उरलेले स्वर मिळवायला नळी लांब करावी लागते, आणि पिस्टन तेवढेच करतात. पिस्टन दाबला की त्यातली भोके सरकतात आणि हवा एका जास्तीच्या वळणातून फिरून येते. मधला पिस्टन स्वर अर्ध्या सुराने उतरवतो, पहिला एका सुराने, तिसरा दीड सुराने. ही युक्ती निघाली जर्मनीत. स्टॉल्झेल आणि ब्ल्यूमेल यांनी १८१८ मध्ये बर्लिनला तिचे पेटंट घेतले. आज आपण दाबतो तो पिस्टन मात्र पॅरिसच्या पेरिने याच्या रचनेवरून आला आहे.

स्वर अर्ध्या सुराने उतरवायला नळी सुमारे ६ टक्के लांब हवी. म्हणजे मधल्या पिस्टनचे वळण सुमारे ८.८ सेंटिमीटर, पहिल्याचे १८, तिसऱ्याचे २८. इथपर्यंत ठीक. पण रे साठी पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की वाढते ४६ सेंटिमीटर, आणि स्वर नीट यायला हवे असते साडेएकोणपन्नास. नळी साडेतीन सेंटिमीटर तोकडी पडते आणि रे चढा लागतो. तिन्ही एकदम दाबले तर तूट सहा सेंटिमीटरच्याही पुढे जाते, आणि कोमल रे आणखी चढतो. कारखान्यात तिसरे वळण मुळातच थोडे लांब ठेवून यातली काही तूट भरतात. बाकीची वाजवणाऱ्याने भरायची असते, तिसऱ्या पिस्टनची स्लाइड, म्हणजे त्याच्या वळणाचा सरकता भाग, डाव्या हाताच्या बोटाने वाजवता वाजवता बाहेर सरकवून. त्यासाठीच तिथे कडी असते.

हे सगळे सांगण्याचे कारण एकच. तिसरी स्लाइड घट्ट अडकलेला ट्रम्पेट बाकी कितीही देखणा असला तरी त्यावर खालचा रे कधीच सुरात लागणार नाही. गाणे शिकलेल्या माणसाला हे पहिल्याच दिवशी खटकते.

## ३. हे वाद्य घडते कसे

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. भोंग्याला बहुधा ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे पिवळे पितळ वापरतात. तांबे ८५ किंवा ९० टक्क्यांवर नेले की रंग लालसर होतो. माउथपीस ज्या नळीत बसतो ती पहिली नळी चांगल्या वाद्यात अशा लालसर पितळेची असते, कारण थुंकीतल्या आम्लाने जस्त झिरपून जाते आणि जस्त कमी असलेले पितळ जास्त टिकते. पांढरे दिसणारे भाग जर्मन सिल्व्हरचे असतात. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी नसते. विक्रेता ‘चांदीचे काम’ म्हणाला तर मुलामा कुठे आहे ते नेमके विचारा.

भोंग्यासाठी साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा पंख्याच्या आकारात कापतात, गुंडाळून कडा पितळी डाखाने झाळतात आणि पोलादी साच्यावर चढवून हातोडीने ठोकतात. तांबटाचे मठारकाम ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे सांगायला नको: ठोकता ठोकता धातू ताठर होतो, तो तापवून पुन्हा नरम करावा लागतो, मग परत ठोकायचा. शेवटी लेथवर फिरवून आकार पक्का करतात आणि काठ तारेवर वळवून बंद करतात. स्वस्त वाद्यात भोंग्याचे तोंड आणि शेपूट वेगवेगळे करून जोडतात. आतून बॅटरी मारली की लांबीला जाणारा सांधा तरी दिसतो किंवा कड्यासारखा गोल सांधा दिसतो. गोल सांधा असला म्हणून वाद्य वाईट ठरत नाही, पण तिथे बोट फिरवून पाहा. कंगोरा लागला तर काम घाईचे आहे.

नळी वाकवणे हे मला या सगळ्यातले सर्वांत सुंदर काम वाटते. पोकळ नळी तशीच वाकवली तर आतल्या बाजूला चुरगळते. म्हणून तिच्यात वितळलेली राळ ओततात आणि ती घट्ट झाली की साच्याभोवती वाकवतात. काही कारखान्यांत साबणाचे पाणी भरून गोठवतात. मग राळ वितळवून काढायची आणि आतून पोलादी गोळ्या ढकलून किंवा पाण्याचा प्रचंड दाब देऊन सुरकुत्या काढायच्या.

सगळ्यात बारीक काम पिस्टनचे. पिस्टन आणि त्याचे नळकांडे यांतली फट मिलिमीटरच्या काही शतांशाएवढीच असते. फट याहून कमी असेल तर पिस्टन अडकतो, जास्त असेल तर हवा गळते. वाद्याचा खरा खर्च इथे होतो आणि स्वस्त वाद्य मार खाते तेही इथेच. विक्रेता धातूच्या रंगावर बोलत राहिला तर त्याला पिस्टन काढून दाखवायला सांगा.

आपल्या देशात हे काम पाहायचे तर मेरठला जावे. तिथली जली कोठी ही वस्ती बँडच्या वाद्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि नादिर अली अँड कंपनी १८८५ पासून या धंद्यात आहे. इंदूरच्या बँडवाल्यांच्या हाती मेरठचा माल हमखास दिसतो. मोठ्या आवाजाला आणि रस्त्यावरच्या दणक्याला तो उत्तम आहे. घरी बसून रागदारी वाजवायची असेल, तर पिस्टन आणि स्लाइड जास्त कसून तपासा.

## ४. केव्हा आणि कुणाकडे जावे

लग्नसराईत जाऊ नका. कुणाला वेळ नसतो आणि चांगले वाद्य कुणी हातचे सोडत नाही. देवशयनीपासून देवउठनी ग्यारशीपर्यंत लग्ने बंद असतात, बँडची वाद्ये दुरुस्तीला येतात, काही विकायलाही निघतात. त्यातही गणपतीचे दिवस टाळा.

गुरू शोधताना बँड मास्टर आणि फौजी वादक, दोघांनाही विचारा. सैन्यातल्या बँडवाल्यांचे प्रशिक्षण आपल्याच राज्यात, पचमढीला होते, आणि महू छावणी इंदूरला लागून आहे. तेव्हा नोटेशन वाचणारा निवृत्त वादक भेटण्याची आशा इथे बरीच आहे. बँडमधले उस्ताद कानाने शिकवतात. माझे मत विचाराल तर पहिली सहा महिने नोटेशनवाला आणि नंतर उस्ताद. काहीही झाले तरी विकत घ्यायला जाताना यांपैकी एकाला सोबत न्या. त्यांच्या वेळेचे पैसे आपणहून द्या, मैत्रीखात्यात काढू नका.

## ५. सोबत काय न्यायचे

- स्वतःचा माउथपीस. नवशिक्याला ‘७ सी’ हे माप ठीक पडते. त्याचा आतला व्यास १६ मिलिमीटरच्या किंचित वर असतो. दुसऱ्याचा माउथपीस तोंडाला लावू नका. मुलामा उडालेला तर मुळीच नाही, काहींच्या ओठांना उघडे पितळ बाधते.
- छोटी बॅटरी आणि पांढरा रुमाल.
- व्हॉल्व्ह ऑइलची बाटली. दुकानातले पिस्टन कोरडे असतात, आणि कोरड्या पिस्टनवरून काहीच ठरवता येत नाही.
- मोबाइलवर ट्यूनर आणि तंबोऱ्याचे ॲप.

## ६. हातात घेतल्यावर कोणत्या क्रमाने पाहावे

वाजवून पाहण्याची घाई करू नका. वाजवणे शेवटी.

पहिली नळी. मुख्य ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे पूर्ण वाद्याचा सूर जुळवायचे सरकते वळण, काढा आणि पहिल्या नळीत एका टोकाकडून बॅटरी मारा. आत गुलाबी-लाल ठिपके दिसले तर जस्त झिरपून गेले आहे. बाहेरून असे ठिपके असतील आणि त्यांच्या मधोमध काळा बिंदू असेल तर नळी आतून सडून बाहेर आली आहे. यावर पॉलिश हा उपाय नाही, नळी बदलावी लागते.

पोचे. भोंग्याच्या रुंद तोंडावरचा पोचा दिसायला वाईट, पण स्वराला तितका घातक नाही. पहिल्या अरुंद नळीतला छोटासा पोचासुद्धा स्वर हलवतो. पिस्टनच्या नळकांड्यावर पोचा असेल तर तिथेच थांबा आणि वाद्य परत द्या.

पिस्टन. एक एक करून वरची टोपी उघडा आणि काढा. त्यांवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, ज्याचा त्यानेच आपल्या घरात जायचे. तेल लावून परत बसवताना हलकेच फिरवा, खाचेत बसल्याचा टक् असा आवाज येईल. बसवल्यावर हवाच जात नसेल तर घाबरू नका, पिस्टन अदलाबदल झाले आहेत किंवा वळून बसले आहेत. मग प्रत्येक पिस्टन सरळ दाबून सोडा, नंतर थोडा तिरका दाबून सोडा. तिरका दाबल्यावर अडकला तरी तो दोषच समजा, कारण जलद तानेत बोटे सरळ पडत नाहीत.

हवा टिकते का. पिस्टन न दाबता त्याची स्लाइड झटक्यात बाहेर ओढा. ‘पॉप्’ असा भरीव आवाज आला तर फट योग्य आहे. नुसतीच सरकन निघाली तर पिस्टन झिजला आहे. तिन्ही स्लाइडवर हे करा. अर्धवट गळणारे वाद्य नवशिक्याचा जीव काढते: आवाज दबका, दम लवकर संपतो, आणि शिकणारा दोष स्वतःच्या छातीला देतो.

अडकलेले भाग. स्लाइड निघत नसेल आणि दुकानदार पकड घेऊन धावला, तर त्याला थांबवा. अडकलेला माउथपीस काढायचे वेगळे साधन मिळते. पकडीने नळी पिळवटते आणि डाख सुटतो.

आता वाजवा, किंवा सोबतच्या जाणकाराला वाजवू द्या. तंबोरा काळी पाचमध्ये लावून मोकळे सा, प, तार सा ऐका. मग रे, आधी तिसरी स्लाइड आत ठेवून आणि नंतर बाहेर काढत. सुरात येतो का ते कानाने ठरवा. वाद्य आधी दोन मिनिटे फुंकून गरम करा, थंड नळीत स्वर उतरलेला लागतो. जानेवारीच्या सकाळी आणि मे महिन्याच्या दुपारी एकच वाद्य वेगवेगळे लागेल, त्यासाठीच मुख्य ट्यूनिंग स्लाइड असते.

## ७. कागद

नवीन घेत असाल तर जीएसटीचे बिल, त्यावर कंपनी, मॉडेल आणि वाद्याचा नंबर. हा नंबर बहुतेक वाद्यांत मधल्या पिस्टनच्या नळकांड्यावर कोरलेला असतो. बिलावरचा आणि वाद्यावरचा नंबर दुकानातच ताडून पाहा.

जुने घेत असाल तर साध्या कागदावर विक्रीची पावती: तारीख, रक्कम, नंबर, दोघांच्या सह्या, आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. बँडची वाद्ये पुष्कळदा मालकाची असतात आणि वाजवणाऱ्याच्या हाती असतात. विकणारा मालकच आहे ना, हे विचारण्यात संकोच नको.

## ८. घरी आणल्यावर

जुने वाद्य आधी धुवा. त्यात दुसऱ्याची वर्षानुवर्षांची थुंकी साठलेली असते. पिस्टन आणि स्लाइड काढा, टबमध्ये कोमट पाणी आणि सौम्य साबण घ्या, लवचीक लांब ब्रश प्रत्येक नळीतून फिरवा. पाणी कढत नको, लॅकर म्हणजे वरचा पारदर्शक लेप सुटतो. पिस्टन वेगळे पुसा, त्यांच्या वरची नमद्याची चकती भिजू देऊ नका. वाळल्यावर स्लाइडला ग्रीस, पिस्टनला व्हॉल्व्ह ऑइल.

घराघरांतून जे सल्ले येतील त्यांतले तीन इथेच खोडून काढतो. चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर वापरून वाद्य उजळू नका. आम्लाने पितळ खाल्ले जाते आणि पावडरीने लॅकर ओरखडते. ते फक्त मऊ कापडाने पुसायचे. पिस्टनला खोबरेल लावू नका. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजते आणि इंदूरच्या हिवाळ्यात पिस्टन जागच्या जागी बसतो. आणि डाख सुटला म्हणून वाद्य बर्तन बाजारात झाळायला देऊ नका. तिथले कारागीर आपल्या कामात वाकबगार आहेत, पण भांड्याला चालते ती आच ट्रम्पेटला चालत नाही. शेजारचे चार सांधे सुटतात आणि नळ्या ताणाखाली बसतात.

## ९. पहिले काही आठवडे

रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत, पण रोज. ओठ थकले की थांबा. वरचा स्वर येत नाही म्हणून माउथपीस ओठांवर दाबू नका. त्याने स्वर तेवढ्यापुरता येतो आणि ओठांचे रक्त थांबते.

सुरुवात मोकळ्या प पासून करा, तो बहुतेकांना सर्वांत सहज सापडतो. तिथून म, ग असे उतरत जा. शुद्ध स्वरांची बोटे अशी: सा मोकळा, रे १ आणि ३, ग १ आणि २, म १, प मोकळा, ध १ आणि २, नी २, तार सा मोकळा. कोमल रे तिन्ही, कोमल ग आणि कोमल ध २ आणि ३, तीव्र म २, कोमल नी १. एवढ्यात भूप बसतो. मात्र रे घेताना तिसरी स्लाइड सव्वा-दीड सेंटिमीटर बाहेर गेलीच पाहिजे. ही सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या, पुढे हात वळत नाही.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर प्रॅक्टिस म्यूट घ्या. तो भोंग्यात बसतो आणि आवाज पुष्कळ दाबतो. पण त्याने दाब बदलतो आणि स्वर थोडा चढतो, म्हणून आठवड्यातून एकदोनदा तरी मोकळ्या मैदानावर जाऊन म्यूटशिवाय वाजवा. वाजवून झाले की पाण्याच्या चाव्या उघडून नळीतले पाणी काढा, माउथपीस काढून ठेवा, आणि वाद्य पेटीत ठेवण्याआधी पिस्टनवर तेलाचे दोन थेंब सोडा.